शिपायाचं टाकं आणि माझा डावा पाय

ज्यांच्या पायातून सध्या पांढरा दोरा डोकावतो आहे त्यांनी हे बसून वाचावं. बसूनच वाचाल म्हणा, उभं राहवतंय कुठं. ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांनीही वाचावं. फक्त वाचताना हातातल्या तांब्यातलं पाणी कुठून आणलंय ते एकदा आठवावं.

मला नारू झाला त्याला आता सात वर्षं होतील. जगले. डावा पाय घोट्यात आखडला, त्यामुळे चालताना मी एका अंगाला कलते. गावातली पोरं माझ्या मागून माझ्यासारखी चालून दाखवतात. मी वळले की सरळ होतात, मी पुढं बघितलं की पुन्हा कलतात. नक्कल चांगली करतात, खोटं कशाला बोलू.

औषधांची यादी माझ्याकडं मागू नका. हिंग झाला, गूळ झाला, धोत्र्याची पानं बांधून झाली. ज्याला जे लागू पडलं ते तो सांगेलच, न विचारता सांगेल. मला सांगायचं आहे ते पाण्याचं. आणि पाण्याचं सांगायचं तर आमच्या गावच्या शिपायाचं सांगावं लागतं, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचं, महादूचं. आणि महादूचं सांगायचं तर माझी लाज निघते. निघू दे. या वयात ती ठेवून तरी काय करायची?

*

सतराव्या वर्षी मी मूर्ख होते. नुसती मूर्ख असते तर कुणाला त्रास झाला नसता. मी मूर्ख आणि तोंडाळ होते.

लग्न बाराव्या वर्षी झालं, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी पलटणीतलाच मागितला असता. आमचे हे मुंबई पलटणीत शिपाई. पहिल्या रजेवर आले ते लाल डगला घालून, आणि पोशीर नदीच्या अंगाला असलेल्या आमच्या एवढ्याशा गावात जणू राजाच उतरला. हे आंघोळीला गेले तेव्हा मी दाराआड तो डगला अंगात घातला. गळ्याचा आकडा बसला तो निघेना. सासूबाई हाका मारताहेत, आणि मी भाताच्या कणगीमागं लाल डगल्यात, तोंडही तसंच लाल. शेवटी ह्यांनीच येऊन आकडा काढला. म्हणाले, "भरती व्हायचं हाय का?" मी म्हटलं, "बायकांना घेतात?" एवढी खुळी होते.

त्याच रजेत ह्यांनी मला अक्षरं शिकवली. पलटणीच्या शाळेत हे शिकून आले होते. पत्रं दुसऱ्या कुणी वाचू नयेत म्हणून मला शिकवलं. म्हणून आज हे लिहिते आहे.

महादू माझ्याहून वर्षभरानं मोठा असेल. भाताच्या आवणात उतरला की लावणी करताना बायकांच्या पुढं असायचा, इतका हात हलका. गुरांना हाक मारायचा ती कानात सांगितल्यासारखी. मला तो अगदी नेभळट वाटे. त्या वर्षी शिमग्याला, चार घरच्या बायका अंगणात असताना मी त्याचा हात धरला आणि माझ्या हिरव्या बांगड्या त्याच्या मनगटात चढवल्या.

"भावजी, तुमचे दादा तिकडं तलवार धरतात. तुमी हे धरा."

बायका खिदळल्या. एक बांगडी त्याच्या हाडाशी फुटली, रक्ताचा थेंब आला. महादू हसला. म्हणाला, "वैनी, तुजी बांगडी गेली गं." मी म्हटलं, "जाऊ दे. शिपायाच्या बायकोला बांगड्यांना काय तोटा."

हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. आता छापलं जाईल तर जाईल.

पावसाळा सरता सरता महादू भात कापायच्या आधीच मुंबईला भरती व्हायला निघून गेला. लढाई लागली होती.

*

लढाई कशासाठी, हे मी तेव्हा विचारलं नाही. कर्जतला घाटाचं इंजिन सोडायला आगगाडी थांबते, तिथं पलटण बघायला मी बैलगाडीतून गेले. झेंडू फेकले. एक साहेबाच्या कानावर बसला. एवढाच काय तो माझा पराक्रम.

कारण मला फार वर्षांनी कळलं. ह्यांनी सांगितलं ते असं. हबशांच्या मुलखाच्या राजानं विलायतेच्या राणीला पत्र धाडलं. ते तिथल्या कचेरीत कुठंतरी पडून राहिलं. उत्तर नाही. राजाला राग आला, त्यानं हाताशी लागले ते साहेबलोक कोंडून ठेवले. मग त्यांना सोडवायला इकडून जहाजं गेली. माणसं गेली, खेचरं गेली, हत्तीसुद्धा गेले.

मी म्हटलं, "अहो, तुमी माझ्या पत्राला वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. मी कुणावर एक शेळीसुद्धा पाठवली नाही."

हे हसले नाहीत. बाकी माझ्या सगळ्या बोलण्यावर हसत. त्या लढाईवर कधी हसले नाहीत.

हे परत आले, महादू आला नाही. "रणात पडला," एवढंच ह्यांनी सासूबाईंना सांगितलं. शेवटचं काय म्हणाला, असं त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाणी."

हवालदार होऊन पेन्शन झाल्यावर ह्यांनी त्या एका शब्दावर टाकं बांधलं. गावानं हात लावला. दगडी टाकं, आत उतरायला अकरा पायऱ्या, आणि वर एक उभा दगड: घोड्यावर बसलेला महादू, हातात उगारलेली तलवार. दरसाल चैत्री पुनवेला गाव तिथं जमतं. पलटणीत जाणारा पोरगा गुडघाभर पाण्यात उभा राहतो आणि ओंजळभर पाणी पितो. पाच वर्षं पुरी झालेलं पोरही त्याच दिवशी पहिल्यांदा उतरवायचं. त्याआधी मात्र ते पाणी लेकराला द्यायचं नाही, शिपायाचं पाणी लहानग्याला सोसत नाही म्हणून. त्यांना गावच्या दुसऱ्या टोकाच्या आडाचं पाणी, दोरीनं शेंदलेलं.

आमच्या आळीला टाक्यापेक्षा आड जवळ होता. पण शिपायाच्या घरानं आडाचं पाणी प्यायचं? छे! आमची सगळी आळी टाक्याचंच पाणी पिई, आणि मी सर्वांत मोठ्या तोऱ्यात.

ते पाणी नारूवर उतारा आहे अशीही ख्याती होती. आग आग होणारा पाय टाक्यात सोडला की थंड वाटायचं आणि दोरा आपोआप बाहेर यायचा. लांबलांबची माणसं येऊन पाय सोडून बसायची. आम्ही त्यांना जागा करून द्यायचो, आणि शेजारच्याच पायरीवर हंडा बुडवायचो.

वाचणाऱ्याला आताच कळलं असेल. आम्हाला कळायला कितीतरी वर्षं लागली.

*

फाल्गुनात माझ्या घोट्यावर फोड आला. मुंगळा चावला असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी निखारा ठेवल्यासारखं झालं. मी टाक्यावर जाऊन पाय सोडला. काय ते सुख! डोळे मिटले. उघडले तर फोड फुटलेला आणि आतून खिरीतल्या शेवयीसारखं काहीतरी पांढरं लोंबतंय.

सून भागी हंडा भरत होती. किंचाळली, "आत्याबाई, तुमालापन!"

तिला आदल्या वर्षी झाला होता, म्हणून तिला ठाऊक. शेजारणी जमल्या. एक म्हणाली, "बघा, शिपायानं वैनीचा दोरा कसा लगेच काढला!" मी मान डोलावली. अभिमान वाटला हो मला. पायातून किडा निघतोय आणि ही बाई अभिमानानं बसली आहे. त्या बाईला भेटले असते तर दोन थोबाडीत दिल्या असत्या. पण ती मीच, आणि माझा हात तिथपर्यंत पोचत नाही.

नारू काढायला सोमी कातकरीण आली. ओटीवर तिला कुणी येऊ देत नसे. मग मलाच अंगणात आणून बसवलं. तिनं दोऱ्याचं टोक बांबूच्या काडीला गुंडाळलं, पाणी ओतलं, अर्धं बोट काडी फिरवली आणि चिंधीनं पायाला बांधून टाकली.

"झालं?" मी विचारलं.

"आजचं झालं. उद्या अर्धा बोट. परवा अर्धा बोट."

"असं किती दिवस?"

"त्याला इचार. मी काय त्याच्या पोटात हाय?" मग बोट नाचवून म्हणाली, "हवालदारीनबाय, हलायचा नाय. उठायचा नाय. तुटला तर पाय कुजल."

मी कधी एका जागी बसलेली बाई नव्हते. तिकडं भात भरडायचंय, इकडं म्हैस सुटलीय, पलीकडं कुणाचं भांडण लागलंय, मी सगळीकडं. आता सकाळी पाणी, काडी, चिंधी. मग ऊन पायावरून सरकून भिंतीपर्यंत जाईतो काही नाही. मी कोंबड्यांना खडे मारले. येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून बातम्या काढल्या. उरलेला वेळ भागीला सांगत बसले: चूल जास्त पेटलीय, तांदूळ निवडलेले नाहीत, गवताचा भारा तिथं नको.

आठव्या दिवशी भागीनं केरसुणी टाकली. "आत्याबाई, तुमी उभ्या होता तवा निदान अर्धं काम तुमी करत होता. आता बसून दुप्पट लावता! माज्या पायात दोरा होता तवा मी गुडघ्यावर सरकत पाणी भरलंय. इचारलंत का तवा?"

विचारलं नव्हतं. मी तिला त्या वेळी म्हटलं होतं, शिपायाच्या घरची सून रडत नाही. 

*

सोमीच्या मनात काय होतं ते एका सकाळी काडी फिरवताना बाहेर पडलं. मी विचारलं, "सोमे, तुमच्या वाडीत किती जणांना आलाय?"

"आमच्यात नाय येत."

"असं कसं? नारू काय जात बघून येतो?"

"आमी नदीत वाळू उकरून झिरा करतो, त्याचा पानी पितो. तुमच्या टाक्यावर आमाला उतरू देता का तुमी?" तिनं चिंधीची गाठ मारली आणि माझ्याकडं बघून हसली, एक दात नसलेलं हसू. "नाय देत, ते बरा करता."

 ती पुढं म्हणाली, "आडावरल्या आळीत बघ. हाय कुनाला? तुज्या आळीत बारक्या पोरांना बघ. हाय कुनाला? पाच वरसं झाली, टाक्यात उतरला, की फुडल्या साली काडी घेऊन मला बोलावतेत."

मी त्या दिवशी अंगणात बसल्या बसल्या सगळी आळी मनातल्या मनात फिरून आले. एकही घर तिला खोटं पाडेना.

आणि आमची नात चिमी, भागीची लेक, त्या माघात पाच वर्षांची झाली होती. तिच्यासाठी भागीनं नवा परकर शिवून ठेवला होता. पुनवेला टाक्यात उतरवायचं म्हणून.

*

आता माझ्या सर्वांत मोठ्या शहाणपणाची गोष्ट.

पुनव तेरा दिवसांवर असताना रस्त्यावर ढोल वाजला. भरतीचा हवालदार आला होता. डोकं सांगत होतं, बस. पण ढोल कानात गेला, आणि कणगीमागची ती सतरा वर्षांची पोरगी माझ्या पन्नाशीच्या अंगात उठून उभी राहिली. मी लंगडत अंगणाच्या कुडापर्यंत गेले. लाल डगला नव्हता, आता खाकी होता. मी नीट दिसावं म्हणून वाकले, आणि काडी कुडाच्या शेराच्या फांदीत अडकली.

दोरा तुटला. तुटलेलं टोक पायात परत गेलं, सापासारखं.

हवालदार तेव्हा पाराजवळ म्हणत होता, "गावाचं नाव होतं, घराचं नाव होतं!" कुणीतरी विचारलं, "हवालदार, लढाई कुटं हाय?" तो म्हणाला, "ते वरून ठरतं." तीन पोरांनी नावं सांगितली. ती तिघंही पुनवेला पाण्यात उभी राहणार होती.

संध्याकाळपर्यंत माझा पाय केळीच्या बुंध्याएवढा झाला. सोमी आली, बघितलं, आणि मला शिव्या दिल्या. त्या लिहीत नाही. शिव्या तिच्या आहेत, तिच्या परवानगीशिवाय कशा लिहू?

*

कर्जतच्या दवाखान्यात मी अकरा दिवस होते. डाक्टरानं पाय चिरला. पू किती निघाला ते सांगून तुमचं जेवण घालवत नाही. सकाळी घंटा, मग पट्टी सोडायची, मग धुवायचं, मग मी ओरडायचं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मला म्हणे, "आज थोडा कमी आवाज आला गं." ही तिची मला धीर द्यायची पद्धत. ती कोण, कुठली, मी विचारलं नाही. पण पट्टीच्या वेळी ती हात पुढं करायची आणि मी तो चिरडायचे. एवढ्या उपकाराची फेड कुठं करायची?

डाक्टरानं एकच विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"शिपायाच्या टाक्याचं," मी म्हटलं. सवयीनं मान ताठ झाली.

"पायऱ्यांचं आहे?"

"अकरा पायऱ्या."

"लोक पाय घालतात?"

मी मान खाली घातली. तो म्हणाला, "पायऱ्या बुजवा." आणि पुढच्या खाटेकडं गेला.

भीती वाटली का? वाटली. मरायची कमी वाटली, पाय तोडतील याची जास्त. पाय नसलेली मी म्हणजे कोण? नुसतं तोंड. ते घेऊन मी अंगणात बसून भागीचा जीव घेत राहणार. खाटेवर मी कूस बदलायचे आणि पुन्हा बदलायचे. चैन नव्हती.

हे रोज येत. माझ्या पायावर पाण्याची धार धरायचं काम ह्यांनी आपल्याकडं घेतलं. तिथल्या कथलाच्या पेल्यानं ओतायचे, एक एक पेला, काठोकाठ भरून, थेंबही सांडू न देता. मी म्हटलं, "अहो, विहीर आटली नाही. ओता की भसाभसा."

हे पेल्याकडं बघत म्हणाले, "तिकडं असंच मिळायचं."

 माझ्या आयुष्यात मी गप्प बसून काही मिळवलं असेल तर ते त्या वेळी.

"समुद्राचं पानी जहाजावर उकळून त्याची वाफ थंड करायचे," हे म्हणाले. "ते प्यायचं. रांगेत उभं राहायचं, एका मानसाला एवढं. खेचरांना त्याहून कमी. हजारोनी खेचरं, सगळी तानेली."

"आणि भावजी?"

"महादूला पलटणीनं घेतलाच नव्हता. उंची कमी पडली. तो खेचरं हाकायला लागला. बंदरावर मला भेटला तवा हसत होता. म्हनाला, दादा, मीपन आलो." पेला ह्यांच्या हातात तसाच राहिला. "एक दिवस पानी आलं, वास लागला, खेचरांनी दावी तोडली. तो मधी उभा होता, त्यांना थांबवायला. हाका मारत होता. तुला ठाऊक हाय तो कसा हाका मारायचा."

"कानात सांगितल्यासारख्या."

"कुनाला ऐकू जानार त्या? दोन दिस होता. सारखं पानी मागत होता. माज्या वाट्याचं होतं तेवढं." ह्यांनी पेला खाली ठेवला. "अर्धं त्याला दिलं. अर्धं मी प्यालो."

शेजारची म्हातारी भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग घेत होती. फार चांगली बाई.

मग मी बांगड्यांचं सांगितलं. ह्यांना ते ठाऊक नव्हतं; हे तेव्हा पलटणीत होते. तीस वर्षं ह्यांना वाटत होतं, तो आपला लाल डगला बघून आला. तीस वर्षं मला वाटत होतं, तो माझ्या बोलण्यानं गेला. दोघंही एकाच चुलीवर जेवत होतो आणि दोघांनी एकेक गाठोडं बुडाखाली दडवलं होतं.

रडून झाल्यावर मी म्हटलं, "पायऱ्या बुजवायला पाहिजेत. चिमी उतरता कामा नये."

हे एकदम हवालदार झाले. "नाय."

"का?"

"गाव त्या पायरीवर डोकं ठेवतं. आता सांगू, की तो खेचरं हाकत होता?"

"खेचरं हाकणं काय चोरी आहे?"

"चोरी नाय. पन त्याला कोन टाकं बांधतं?"

 खरंच, कोण बांधतं?

*

पुनवेच्या आदल्या दिवशी बैलगाडीतून घरी आले. पाय पट्टीत. ह्यांनी डगला बाहेर काढून उन्हात टाकला होता, बिल्ला घासला होता. माझ्याशी बोलत नव्हते. मीही नाही.

सकाळी उजाडताच मी भागीला हाक मारली. "मला टाक्यावर ने."

ती हातातलं काम सोडून आली, माझ्या तोंडाकडं बघितलं. सोमीचं बोलणं तिनंही ऐकलं होतं. काही विचारलं नाही. माझ्यासमोर पाठ करून खाली बसली. मी तिच्या पाठीवर चढले. आयुष्यभर मी त्या पाठीवर वेगळ्या प्रकारे बसले होते. वाटेत म्हणाली, "आत्याबाई, दवाखान्यात हलक्या झाल्यात." एवढंच.

तिनं मला वरच्या पायरीवर ठेवलं. मी डावा पाय पसरला. पायऱ्या अरुंद, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी आणि माझी पट्टी. खाली जायचं तर मला ओलांडून जावं लागणार. आजारी माणसाला, तेही लेकुरवाळ्या सवाष्णीला, कोण ओलांडणार? मी जन्मभर पळत राहिले, आणि माझ्या हातून झालेलं सर्वांत मोठं काम एका जागी बसून झालं.

गाव जमलं. पाटील आले, भरतीचा हवालदार आला, तीन पोरं नवी धोतरं नेसून. भागी चिमीला धरून बाजूला उभी. चिमीनं नवा परकर दोन्ही हातांनी उचलून धरला होता, भिजू नये म्हणून.

पाटील म्हणाले, "काकी, जरा सरका. मुहूर्त जातोय."

"जाऊ दे. मी नाय सरकत."

"अवो, शिपायाचं टाकं हाय!"

"माझ्याच दिराचं आहे. मला नका सांगू."

भरतीवाला पुढं झाला. "बाई, वीराचा अपमान करता? त्यानं सरकारसाठी रक्त सांडलं."

"कसं सांडलं, ते बघायला तुमी होता?" मी म्हटलं. मग गर्दीकडं वळले. "गाववाल्यांनो, नारू या पाण्यातनं येतो. आणि महादू—"

"थांब."

ह्यांचा आवाज. गर्दी फाटली. हे डगला घालून, बिल्ला लावून आले होते. तो डगला आता अंगाला ढिला झाला होता, तरी गळ्याचा आकडा लावलेला. मला वाटलं, आता मला उचलून बाजूला करतील. जवळ आले, माझ्या पायाकडं बघितलं, मग त्या घोडेस्वाराच्या दगडाकडं.

"ती नको सांगायला," हे म्हणाले. "मी सांगतो."

आणि सांगितलं. उंची, खेचरं, दावी, दोन दिवस. अर्धा पेलाही सांगितला. तो सांगायची गरज नव्हती. कुणाला कळलं नसतं.

 मग मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे तो शिपाई नव्हता?"

"नव्हता," हे म्हणाले. "शिपाई मी होतो. त्यानं खेचरांसमोर हात पसरले, मी पेला धरला."

भरतीवाला म्हणाला, "हवालदारसाहेब, पोरांसमोर असं..."

"पोरांसमोरच," हे म्हणाले. मग भागीकडं वळून, "पोरी, आडावरनं हंडा आन."

हंडा आला. ह्यांनी गावाला रांगेत उभं केलं, कवाईतीच्या आवाजात. तीस वर्षांत तो आवाज मी घरात ऐकला नव्हता. पाटीलसुद्धा मुकाट रांगेत. प्रत्येकाला एक पेला, काठोकाठ. देताना प्रत्येक वेळी हे म्हणत, "महादूच्या नावानं." सर्वांत आधी चिमीला दिला. तिनं गटागटा पिऊन पेला परत केला आणि विचारलं, "आनि परकर कवा भिजवायचा?"

मी हसले, मग रडले, मग पाय दुखतोय म्हणून ओरडले.

*

पुढचं सगळं गोड झालं असं लिहिलं तर ते खोटं. पायऱ्यांवर भांडण वर्षभर चाललं. काही घरं हट्टानं उतरत राहिली. त्यांच्यातल्या काहींना पुढच्या उन्हाळ्यात सोमीच्या काडीखाली बसावं लागलं, तेव्हा खालच्या पायऱ्यांवर दगड पडले आणि वर कठडा बांधला. आता दोरीनं शेंदतात, फडक्यानं गाळतात. आमच्या आळीत गेली तीन वर्षं सोमीला काम नाही. ती रागावल्याचं नाटक करते. तिच्यासाठी कठड्याबाहेर वेगळी दोरी ठेवायची का, यावर आळीत अजून भांडण आहे. मी त्या भांडणात आहे.

त्या तीन पोरांतले दोघं पलटणीत गेलेच. एक राहिला. गेलेल्यांच्या आयांना मी काही शिकवायला जात नाही. पत्र आलं की वाचून दाखवते, आणि उत्तर त्याच दिवशी लिहून देते. उत्तर राहिलं की काय होतं, ते मला माहीत आहे.

ज्यांना नारू आहे त्यांच्यासाठी: काडी सावकाश फिरवा. ढोल वाजला तर कानात कापूस घाला. आणि घरच्या सुनेला विचारा, तिला झाला होता तेव्हा कसं गेलं ते.

हे गेल्या वर्षी गेले. जायच्या आधी पाथरवटाला बोलावून त्या उभ्या दगडाकडं नेलं. "घोड्याचं खेचर कर," म्हणाले. पाथरवट हसला, मग ह्यांचा चेहरा बघून हसायचा थांबला. त्यानं कानांभोवतीचा दगड कोरून कान लांब केले. तलवार मात्र काढता येईना. ती फोडली तर हातच तुटेल, म्हणाला. मग राहू दिली.

चिमी आता बारा वर्षांची आहे, तिच्या पायाला साधा ओरखडाही नाही. परवा कठड्यावर हंडा टेकवून त्या दगडाकडं बघत म्हणाली, "आज्ये, खेचरावर बसून तलवार कशाला गं?"

"ती आपण दिलेली, बाई," मी म्हटलं. "तो रिकाम्या हातांनी उभा होता."